गुंजीच्या आक्काचा गोळा

अजबखान्यात नोकरी केली असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास म्हणतो, "वा, मग आरामच की!" पलटणीतून पेन्शन घेऊन आलेल्या हवालदाराला सावलीतली खुर्ची, भिंतीवर चार तलवारी आणि दिवसभर माशा मारायच्या, असा त्याचा समज असतो. मी हसून गप्प बसतो. खरं सांगायचं तर सबंध फौजेतल्या नोकरीत मी जेवढा भ्यालो नाही, तेवढा बेळगावच्या कॅम्पातल्या त्या एका खोलीत भ्यालो. आता साहेब लोक बोटीत बसून गेले, पलटणीवर आपलेच अंमलदार आले, आणि मीही घरी बसलो. तेव्हा हे सांगायला हरकत नाही.

ती खोली पूर्वी खोगिरं ठेवायची होती. कौलारू, जाड भिंतींची, एकच दार आणि पुढं ओसरी. साहेब तिला म्युझियम म्हणायचे आणि खेड्यातून येणारी माणसं अजबखाना. पलटणीनं निरनिराळ्या लढायांतून आणलेल्या वस्तू तिथं मांडल्या होत्या. तलवारी, ठासणीच्या बंदुका, एक फुटका नगारा, मेलेल्या सुभेदारांचे पटके आणि बिल्ले. पगारी माणूस मी एकटा. बाकी सगळं भरमाण्णा आणि यल्लाप्पासारख्या पेन्शनरांच्या जिवावर चालायचं. त्यांना कुणी दमडी देत नव्हतं. पण घरी सुनेची बोलणी खाण्यापेक्षा इथं बसून बंदुकीला तेल लावलेलं बरं, असं म्हणत ते शेतातली कामं आटोपून यायचे.

काम म्हणाल तर गंजाशी आणि वाळवीशी झगडा. बेळगावचा पाऊस एकदा बसला की भिंती घाम गाळतात, कातड्यावर हिरवी बुरशी चढते, लाकडी दस्त्यात किडा शिरतो. मग एकेक वस्तू उतरवायची, पुसायची, तेल द्यायचं, पुन्हा टांगायची. गिऱ्हाइकंही तऱ्हेवाईक. निपाणीचा एक तंबाखूचा व्यापारी वखारीच्या दारात ठेवायला तोफ विकत मागायचा. मी नाही म्हटलं की "बरं, मग भाड्यानं द्या," म्हणून हटून बसायचा. खडेबाजारातले एक वकील तलवारीला धार आहे का बघायला स्वतःचा नारळ घेऊन आले होते.

हे हसण्यावारी नेण्यासारखं. पण त्या खोलीतली एकूण एक वस्तू माणूस मारण्यासाठी घडवलेली आहे, हे माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही. मी मुळात भित्रा. एकदा दारावर टांगलेली ठासणीची बंदूक उतरवली. ती भरलेली आहे की रिकामी, हे बघायची रीत साधी असते. नळीत गज घालायचा, तोंडाशी बोट धरायचं, मग तोच गज नळीच्या बाहेरून लावून बघायचा. रिकामी असेल तर गज बुडापर्यंत पोचतो. आमचा गज चांगला चार बोटं अलीकडंच थांबला. कुणाच्या तरी आज्यानं ठासलेली दारू आणि गोळी आत तशीच होती, आणि आम्ही तिच्याखालून इतकी वर्षं डोकी वाकवून ये-जा करत होतो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पुढं प्रत्येक बंदुकीत मी स्वतः गज घालून बघितला.

काचेच्या कपाटातल्या हातगोळ्यांचा प्रश्न नव्हता. ते पहिल्या मोठ्या लढाईतले. मुठीत मावणारा बिडाचा गोळा, वर चौकड्या पाडलेल्या, बाजूला एक वाकडी पट्टी. ती पट्टी दाबून धरायला एक आडवी तार असते आणि तारेला कडी. फेकणारा मूठ आवळून तार ओढतो. मूठ आवळलेली आहे तोवर काही होत नाही. ती सुटली की पट्टी उडते, आत ठिणगी पडते, आणि पाच-सात आकडे मोजेपर्यंत गोळा फुटतो. पलटणीचा मिस्त्री असले गोळे आतून मोकळे करायचा आणि ओळखीसाठी कुशीला भोक पाडून ठेवायचा. भोक दिसलं की निर्धास्त. कपाटात असे पाच-सहा होते, आणि त्यांच्या मधोमध, हिरव्या मखमलीवर, गुंजी गावच्या गंगाआक्काचा.

गंगाआक्काची गोष्ट आधी सांगायला हवी. तिचा एकुलता एक मुलगा परशराम बसऱ्याच्या लढाईत गेला. गेला म्हणजे काय, तर सरकारचा कागद आला की शिपायाचा ठावठिकाणा लागत नाही. मेला असं कागदात नव्हतं. शेजारच्या गावचा त्याचा सोबती परत आला तेव्हा त्यानं परशरामची वळकटी आणून दिली. तिच्यात पटक्यात गुंडाळलेला हा गोळा होता. तो कसा आला, आत काही आहे का, हे विचारायच्या आत तो सोबती तापाच्या साथीत दगावला. आक्कानं गोळा देव्हाऱ्यात ठेवला. कुणी मरताना बघितलं नाही, मग मेला कशावरून, असं म्हणून तिनं परशरामच्या नावानं सुतकाची अंघोळ केली नाही, दिवस घातले नाहीत, भावकी टाकून बोलली तरी ऐकलं नाही. पुढं घराच्या वाटण्या झाल्या, देव्हारा दिराकडं गेला. तेव्हा ती गोळा पदरात बांधून गाडीनं बेळगावला आली आणि अजबखान्यात ठेवून गेली. हे माझ्या आधीच्या हवालदाराच्या वेळचं. तिनं दोनच अटी घातल्या होत्या. त्याला कुणी खोलायचं नाही, आणि खंडेनवमीला पूजा ती स्वतः करणार.

खंडेनवमी आमच्याकडं मोठी. शस्त्रपूजेला त्या दिवशी कॅम्पाचं फाटक सगळ्यांना खुलं असायचं. ज्या घरची वस्तू त्या घरच्या बायका ताटं घेऊन यायच्या, आपल्या माणसाच्या तलवारीला, पटक्याला हळदकुंकू लावायच्या, तेल सोडायच्या, कापूर लावायच्या. आक्का गोळा मांडीवर घेऊन बसायची, भरपूर कुंकू-तेल माखायची आणि त्याच्यासमोर निरांजन ठेवायची. जाताना मला विचारायची, "हवालदार, कागद आला काय हो?" दरसाल तोच प्रश्न. मी मान हलवायचो. खंडेनवमी जवळ आली की मला त्या प्रश्नाची धास्ती वाटायची. खोटं सांगवत नव्हतं आणि खरं मलाही ठाऊक नव्हतं.

ज्या वर्षीची गोष्ट सांगतोय ते दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या अगोदरचं. खंडेनवमीची सकाळ. भरमाण्णा, यल्लाप्पा आणि मी ओसरीवर चिंच आणि राख घेऊन पितळ घासत होतो. समोर मैदानात माणसं जमायला लागली होती. मागच्या बाजूला पागा, उजवीकडं विहीर आणि तिच्यावर बायकांची गर्दी. भरमाण्णा माझ्याच तुकडीतला, दांडगा गडी, पण डाव्या हाताची दोन बोटं लढाईत निकामी झालेली. त्याला वाटलं, आक्का यायच्या आत तिचा गोळा लख्ख करून ठेवावा. वर्षानुवर्षांचं कुंकू आणि तेल वाळून गोळ्यावर जाड खपली धरली होती. त्यानं गोळा उजव्या मुठीत धरला आणि काथ्यानं खपल्या काढायला लागला. तारेभोवतीची खपली निघेना म्हणून त्यानं कडी धरून तार ओढली. गंजलेली तार दोन तुकडे होऊन खाली पडली. रिकाम्या गोळ्याची तार, त्याचं काय वाटायचंय! तो घासत राहिला.

थोड्या वेळानं म्हणाला, "हवालदार, हेचं भोक कुटं गेलं? कुंकवानं बुजलंय जणू."

मी चिंधी घेऊन त्याच्या मुठीबाहेरची कूस पुसली. भोक नव्हतं. पालथं करून बुड पुसलं. बुडाचा आटा जसाच्या तसा, त्याला कधी पकड लागल्याची खूण नव्हती. मग माझी नजर खाली पडलेल्या तारेच्या तुकड्यांवर गेली.

"भरमा," मी म्हणालो, "मूठ सोडू नको."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग तारेकडं. असले गोळे त्यानं स्वतः फेकले होते.

"भरल्याला हाय?"

"व्हय. तसंच वाटतंय."

"च्यायला," तो अगदी हळू म्हणाला. "माझा हात चिंचेनं बुळबुळीत झालाय हो."

फेकायचा तर कुठं? समोर लेकरं-बाळं, मागं घोडी, बाजूला विहीर. मी यल्लाप्पाला म्हणालो, "पळ. आधी मैदानातली माणसं मागं सार, मग मिस्त्रीला घेऊन ये." म्हातारा धोतर खोचून असा पळाला की तरुणाला लाजवेल. भरमाण्णाला मी हळूहळू ओसरीवरून आत नेलं आणि जाड भिंतीच्या कोपऱ्यात बसवलं. माझे दोन्ही हात त्याच्या मुठीवर आवळून मी समोर बसलो. त्याच्या कपाळावरचा घाम आमच्या हातांवर टपटपत होता. मिस्त्रीचं घर कॅम्पाच्या पार दुसऱ्या टोकाला होतं.

"बोटं मरायला लागल्यात," भरमाण्णा म्हणाला. "हवालदार, तुमी जावा. एकानं मेल्यालं बरं."

जावंसं वाटलं का? वाटलं. पाय तर दाराकडंच वळलेले होते. पण हात सोडवेना, आणि हातांमागं बाकीचा मी राहिलो. एवढंच माझं शौर्य. मी इकडंतिकडं बघत होतो. तारेऐवजी काही तरी त्या भोकांतून घालायला हवं होतं. बिल्ल्याची टाचणी आखूड होती, खिळा जाड. आणि घालणार कुठं? पट्टीच्या दोन्ही बाजूंची भोकं, गंजून झिजलेल्या तारेभोवती मुरत गेलेल्या कुंकवानं, दगडासारखी बुजली होती.

तेवढ्यात दारात सावली पडली. हातात ताट घेऊन गंगाआक्का उभी होती. यल्लाप्पा समोरच्या बाजूनं माणसं हटवत होता, आणि ही नेहमीच्या सवयीनं पागेच्या बाजूनं आली होती.

"काय चाललंय?" तिनं विचारलं. मग तिला आमच्या मुठींत गोळा दिसला. खाली तारेचे तुकडे, कुंकवाच्या खपल्या. "मोडलासा? माझ्या परशाचा गोळा मोडलासा तुमी? खोलू नगा म्हनून सांगितलं हुतं न्हवं?"

"आक्का, भाईर जा," मी म्हणालो.

ती बाहेर गेली नाही. ताट खाली ठेवून तरातरा आली आणि भरमाण्णाच्या बोटांत बोटं घालून ओढायला लागली. "द्या हिकडं! माझा हाय त्यो! द्या!" हाडकुळी म्हातारी, पण तिच्या हातात कुठून जोर आला होता देव जाणे. बुळबुळीत बोटांखाली पट्टी हलल्याचं मला जाणवलं. आयुष्यात मी तेवढा कधी घाबरलो नाही. तिला ढकलायला माझा एकही हात मोकळा नव्हता.

"आक्का, त्यात दारू हाय!" मी किंचाळलो. "फुटंल! हात काडला तर भरमाण्णा मरंल, तू मरशील!"

ती थांबली. हात तसेच आमच्या हातांवर.

"हेच्यात? आजून?"

"व्हय आक्का."

"मी हेच्याम्होरं दिवा लावत हुते," ती म्हणाली. "उशाला घिऊन निजत हुते."

भरमाण्णा पुटपुटला, "आक्का, माफ कर. मीच तार काडली गं." त्याचा आवाज रडवेला झाला होता.

आक्कानं त्याच्या तोंडाकडं बघितलं. त्या एका नजरेत ती रागातून बाहेर आली असावी. "काय पायजे?" तिनं मला विचारलं. मी भोकं दाखवली. ती मोकळी करायला आणि आरपार घालायला बारीक, कडक असं काही तरी पाहिजे होतं. तिनं कमरेला खोचलेला जुडगा काढला. आमच्या बाया तो बाळगतात, चिमटा, दातकोरणं आणि कानकोरणं एका कडीत अडकवलेलं. लोखंडी कानकोरणं तिनं कडीतून मोकळं केलं आणि माझ्यापुढं धरलं.

मी ते एका हातानं घ्यायला गेलो तर ते माझ्या बोटांत नाचायला लागलं. भोकाला टोक लागेना.

"तुमचा हात लई कापतोय," ती म्हणाली. "तुमी निस्तं धरून बसा."

आणि ती आमच्यासमोर मांडी घालून बसली. गोळ्याशी नाक नेऊन, डोळे बारीक करून, एका भोकातलं कुंकू कोरायला लागली. तिनंच भरलेलं कुंकू. इतक्या वर्षांच्या नवमींचं ते तांबडं पीठ तिच्या लुगड्यावर पडत होतं. मध्येच भरमाण्णा म्हणाला, "आक्का, बिगी बिगी," आणि ती म्हणाली, "गप रं. लेकराच्या कानातला मळ काडताना घाई करत्यात व्हय?" त्या अवस्थेतही आम्हा दोघांना हसू आलं, आणि हसण्यानं मूठ सैल होईल या भीतीनं आम्ही ते गिळलं.

एक भोक मोकळं झालं. मग दुसरं. कानकोरणं एका बाजूनं आत गेलं, अडलं, पुन्हा सरकलं आणि पलीकडून त्याचं टोक बाहेर आलं. ते टोक मी चिमट्यानं वाकवलं. पट्टी बांधली गेली होती. भरमाण्णाला म्हटलं, सोड. तर त्याला सोडता येईना. बोटं उघडतच नव्हती. शेवटी आक्कानं ताटातलं खोबरेल घेतलं आणि त्याचं एकेक बोट चोळून उघडलं, तेव्हा कुठं गोळा माझ्या हातात आला. भरमाण्णा भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. मीही रडलो. सांगायला लाज वाटत नाही.

मिस्त्री धापा टाकत आला तो वाळूची बादली घेऊनच. गोळा हलकेच वाळूत ठेवून नीट बघितला आणि त्याचा चेहरा कसनुसा झाला. आत सगळं भरलेलं आहे, आटा गंजून एकजीव झालाय, पकड लावली तर इथंच फुटेल, असं तो म्हणाला. नेमबाजी चालायची त्या चांदमारीच्या मैदानावर नेऊन उडवून देण्यावाचून इलाज नव्हता.

हे आक्काला सांगायचं काम माझं. मघाची भीती वेगळी होती. ती हातापायांची होती. ही आणखी आतली.

"रिकामा करून द्या की," ती म्हणाली. "निस्ता लोखंडाचा राहूंदे. मला तेवढंच हाय हो."

"व्हत न्हाय आक्का. मिस्त्री मरंल."

ती मिस्त्रीकडं बघत राहिली. मिस्त्री तरणा होता, नुकताच बाप झालेला. आक्काला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण ती उठली, ताटातलं कुंकू घेऊन तिनं बादलीतल्या गोळ्याला लावलं. निरांजन मात्र पेटवलं नाही.

"आवाज हितं ऐकू यील न्हवं?" तिनं विचारलं.

"यील."

मिस्त्री आणि यल्लाप्पा बादली घेऊन गेले. आक्का ओसरीच्या पायरीवर बसली. मी तिच्या शेजारी, भरमाण्णा आतच. मैदानातली माणसं लांब उभी होती. असा वेळ जाता जात नाही. मला वाटत होतं न फुटावा, आणि वाटत होतं एकदाचा फुटावा. मग चांदमारीकडून आवाज आला. फार मोठा नव्हे. पागेतली घोडी खिंकाळली, झाडांवरचे कावळे उठले, आणि पुन्हा सगळं थंड झालं.

मी तिच्याकडं बघायचं टाळत होतो.

"तवा काय सुदीक ऐकू आलं नव्हतं," ती म्हणाली. "परशा गेला तवा. मी भात लावत आसंन, न्हायतर जळण आणाय गेली आसंन. आज ऐकलं."

मग ती उठली. पदर खोचत म्हणाली, "हवालदार, हिरीचं एक बादली पानी द्या. डोक्यावरनं घ्याचं हाय."

मला कळलं. मी स्वतः विहिरीवर गेलो. बायका बाजूला झाल्या. कुणी काही विचारलं नाही. पागेच्या आडोशाला मी बादली नेऊन ठेवली आणि पाठ फिरवून उभा राहिलो. अंगावर पाणी पडल्याचा आवाज आला, मग रडण्याचा. इतक्या वर्षांचं ते रडणं होतं, लवकर संपलं नाही. विहिरीवरच्या एकदोन जणी तिच्याजवळ जाऊन बसल्या.

ती ओलेत्यानंच आत आली. कपाटातल्या मखमलीवर गोळ्याच्या जागी गोल खळगा उरला होता. तिनं ताटातलं झेंडूचं फूल तिथं ठेवलं. भरमाण्णाच्या डोक्यावरून हात फिरवला, ताट उचललं आणि स्टेशनाच्या वाटेला लागली.

मी तिच्यामागं फाटकापर्यंत गेलो. निघताना ती जो प्रश्न दरसाल विचारायची, तो आजही येणार म्हणून मी मान हलवायची तयारी करून उभा होतो. फाटकाशी ती थांबली, माझ्याकडं वळली.

"येते हवालदार," ती म्हणाली. कागदाचं विचारलं नाही.